रेघ सांगते ते ऐकूया

आज आम्ही चित्रांविषयी बोलणार आहोत. रेडिओवर चित्रं दिसत नाहीत, तेव्हा ती तुम्ही मनातच बघा.

गोधडी शिवताना मन थाऱ्यावर नसलं की टाका लांब-आखूड पडतो. शिवणारी काही बोलली नाही, तरी जाणत्या बाईला तो टाका पाहूनच कळतं. चित्रातल्या रेघेचंही तसंच आहे. काही माणसांनी स्वतःवर गुदरलेलं चित्रकथेत मांडलं. अशा पुस्तकांना ग्राफिक मेमॉयर म्हणतात, म्हणजे आपल्या आठवणींची चित्रकथा. त्यात शब्द बोलतात तशी रेघही बोलते. ती कशानं ओढली, यालाही अर्थ असतो.

आर्ट स्पीगलमन हे अमेरिकेतले चित्रकार. त्यांचे आईवडील पोलंडचे ज्यू. हिटलरच्या आउशविट्झ छळछावणीतून ते दोघं वाचले. पण १९६८ साली आईनं आपलं आयुष्य संपवलं. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढे त्यानं त्यावर चार पानांची चित्रकथा केली. तिच्यासाठी काळ्या शाईनं माखलेला पुठ्ठा घेतला आणि ती शाई टोकदार अवजारानं खरवडून पांढऱ्या रेघा काढल्या. काजळी धरलेल्या तव्यावर नखानं ओरखडे काढावेत, तशी ती पानं दिसतात. उजेड आहे, पण काळोख खरवडून मिळालेला.

नंतर त्यांनी आईवडिलांची सगळी हकिकत ‘माऊस’ या पुस्तकात काढली, तेव्हा साधं फाउंटन पेन आणि साधा कागद वापरला. आपण वहीत हिशेब लिहावा, तशी साधी रेघ. त्या साध्या पानांच्या मध्येच ती जुनी चार काळी पानं येतात. वडिलांची हकिकत शांतपणे ऐकत असताना मुलाची जखम अचानक उघडी पडावी, तसं होतं.

दुसरं पुस्तक इराणच्या मार्जान सत्रापी यांचं, ‘पर्सेपोलिस’. सगळं काळ्या-पांढऱ्यात, करड्या छटा नाहीतच. इराण-इराक युद्ध चालू असताना शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं. ढिगाऱ्यात लहानग्या मार्जानला मैत्रिणीचं कांकण दिसतं. पुढे एक चौकोन पूर्ण काळा आहे. त्यात एकही रेघ नाही. आम्ही हे आमच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक ताई म्हणाल्या, “म्हणजे जे काढवत नाही, त्यालाही पानावर जागा दिली की!” आम्हाला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

तिसरी गोष्ट आपल्याच मातीतली. १९०१ साली लहानगा भीम घरातल्या मुलांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघाला होता. सोबत शिदोरी होती, पण जातीमुळे कुणी पाणी देईना. पाण्याविना घास उतरेना, म्हणून पोरं उपाशीच झोपली. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्यावरून दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार जोडप्यानं ‘भीमायन’ची चित्रं काढली. हे पुस्तक २०११ साली आलं. घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर काढतात ती डिगना नावाची नक्षी त्यांनी पानांवर आणली. माणसं चौकोनात कोंडली नाहीत. टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांभोवती विंचवाच्या नांगीचा आकार आहे, तर मायेनं बोलणाऱ्याच्या शब्दांना पाखराचा. विंचवासारखे शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेत. ते असे समोर दिसले की आपल्याला काय डसलं होतं, ते उमगतं.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मनात अशी गोष्ट आहे, जी तोंडातून निघत नाही. “चित्र येत नाही” म्हणून थांबू नका. चुलीतला कोळसा, पोराची पेन्सिल, पाठकोरा कागद, एवढं पुरे. कोळसा दाबून ओढा, बोटानं पुसा, हवं तर अख्खा कागद काळा करा.

गटात बसून काढणार असाल, तर मात्र तीन गोष्टी पाळूया. कुणालाही काढायला भाग पाडायचं नाही. “हे काय काढलंस?” असं खोदून विचारायचं नाही. मोबाईलवर फोटो काढून पाठवायचे नाहीत. कागद जिचा तिचा. ती ठेवेल, दाखवेल, नाहीतर चुलीत घालेल.

चित्र म्हणजे औषध नव्हे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर एकटीनं सोसू नका. जवळच्या आशाताईंना सांगा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि एखाद्या मैत्रिणीनं तिचा कागद तुमच्यापुढे धरला, तर लगेच काही बोलू नका. आधी नीट बघा. तिनं रेघ कुठे दाबली, कुठे सोडली, ते बघा. तिला तेच सांगायचं असेल.