रिपोर्टवर एकच शब्द होता: ‘निल’

आज हेडफोन लावूनच ऐका, स्पीकरवर ऐकण्याइतकी आपली घरं अजून मोकळी झालेली नाहीत.

माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणू निघाले शून्य. याला अझूस्पर्मिया म्हणतात. तोवर दोन वर्षं सगळ्या सुया बायकोलाच टोचल्या जात होत्या. त्याबद्दल मी अजून तिची माफी मागतोय.

डॉक्टरांनी हातानेच तपासलं. म्हणाले, शुक्राणू वाहून नेणारी नळी दोन्ही बाजूंना जन्मापासूनच नाहीये. म्हणजे कारखाना चालू, पण बाहेर पडायला रस्ता नाही. अशा वेळी सुईने थेट वृषणातून शुक्राणू काढतात आणि इक्सी करून एकेका बीजांडात एकेक सोडतात. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ साली जगापुढे आणलेलं हे तंत्र.

माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. असं ओढून काढलेलं, अर्धवट पिकलेलं बीज. बाळ धड होईल ना?

तर ऐका. गर्भात गुणसूत्रं कमी-जास्त होण्याच्या बहुतेक चुका बीजांडातून येतात, बाईच्या वयाबरोबर वाढतात. शुक्राणूचा डीएनए वृषणातून बाहेर येतानाच्या वाटेवरही तुटतो, त्यामुळे थेट वृषणातल्या शुक्राणूत ही तूटफूट बरेचदा कमी सापडते. म्हणजे शुक्राणू कुठून काढला, यापेक्षा तो बाहेर का येत नव्हता, हा प्रश्न मोठा.

नळीच नसलेल्या बऱ्याच पुरुषांत सीएफटीआर नावाच्या जनुकात बिघाड असतो. माझ्यातही निघाला. मी धडधाकट आहे, पण बायकोकडेही तसाच बिघाड असेल तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस होऊ शकतो, फुप्फुसांचा गंभीर आजार. म्हणून तिचंही रक्त तपासायला गेलं. दुसऱ्या कुणाच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. त्याला मुलगा झाला तर ते त्याच्याकडेही जातं.

आणि ‘गर्भाचं सगळं चेक होतं’ असं कुणी म्हणालं तर विचारा, सगळं म्हणजे काय? पीजीटी-ए फक्त गुणसूत्रं मोजते. सीएफटीआरसाठी पीजीटी-एम ही वेगळी तपासणी लागते.

बायकोचा रिपोर्ट नॉर्मल आला, धोका खूपच कमी झाला. पुढच्या महिन्यात माझी सुई.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती सुनेसाठी संकष्टी धरतेय. रविवारी तिच्याशी बोलणार आहे.