मोहाची भट्टी कोणाची?



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस दारूवर बोलणार म्हणजे तिच्या विरुद्धच बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल तर ती गैर नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दाराशी ताटकळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दारूचे गुणगान करण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु विस्मृतीत गेलेल्या जुन्या दारूंना नव्या बाटलीत घालून शहरी माणसापुढे आणण्याची हौस सध्या जगभर दिसते, आणि आपल्याकडे ती मोहाच्या फुलापर्यंत पोहोचली आहे. म्हणून थोडा हिशेब मांडतो.

मोहाचे फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळते. बायका-मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल गोड आणि मांसल असते. ते वाळवून ठेवतात. टंचाईत शिजवून खातात. तेच फूल पाण्यात भिजवून आंबवले आणि मडक्यात तापवून वाफ गार केली, की दारू उतरते. आदिवासींच्या घरी ती देवाला लागते, लग्नाला लागते, मर्तिकालाही लागते.

मग ही दारू विसरली कोण? गावाने नव्हे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्टी बंद पाडली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल बाळगण्यावरही निर्बंध आले. दुष्काळात पोटाला आधार देणारे फूल घरात सापडणे हा गुन्हा ठरू लागला! उरणच्या परवानाधारक भट्ट्यांतून मात्र त्याच मोहाची दारू निघत होती आणि तिच्यावरचा कर सरकारी तिजोरीत पडत होता. म्हणजे दारू वाईट म्हणून ही बंदी आली नाही. कर बुडतो म्हणून आली.

याचे उत्तर आदिवासींनीच दिले. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून सुरत जिल्ह्याच्या जंगलपट्टीत देवीची चळवळ पसरली. हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि दारूविक्रेत्या जमीनदारांकडे मजुरीला जाण्याचेही नाकारले. मला तो एक मोठा संपच वाटतो. दारू ज्याच्या हातात, त्याच्या हातात आपली मजुरीही जाते, हे त्यांनी ओळखले होते.

बंदीने दारू संपली नाही, ती लपली. शहराच्या गल्लीत काळा गूळ व नवसागर घातलेली हातभट्टी आली. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती मुख्यतः कष्टकरी वस्तीतली होती.

आता नव्या हौसेकडे येऊ. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा-पेय मानले. मध्य प्रदेशानेही मोहाच्या दारूला वारसा-मद्य ठरवून ती गाळण्याचे काम आदिवासींच्या स्वयंसहाय्य गटांना देण्याचे धोरण आणले. दिशा मला मान्य आहे. मात्र बाटलीवर आदिवासीचे चित्र आणि नफा दुसऱ्याच्या खिशात, असे झाले तर १८७८ चीच ती पुनरावृत्ती होईल. फक्त सरकारी परवान्याच्या जागी भांडवल येईल.

कोणी म्हणेल, मग व्यवस्था काय करायची? कायदा आहेच. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेसाठी दोन गोष्टी एकाच कलमात सांगितल्या आहेत: गौण वनोपजावर मालकी, आणि मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही गौण वनोपजाचा हक्क मान्य केला. तेव्हा मोहाची दारू गाळायची असेल तर ग्रामसभेने ठरवावे. फुलाचा भाव तिने बांधावा, भट्टी तिच्या सहकारी संस्थेची असावी. आणि गावातल्या बायकांनी ग्रामसभेत 'आमच्याकडे भट्टी नको' असे ठरवले, तर तो निर्णयही तितकाच पाळला पाहिजे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही.

आपल्यापैकी कोणी ही बाटली विकत घेईल, कोणी घेणार नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण घेणाऱ्याने चवीची चौकशी करण्याआधी पहाटे फूल वेचणाऱ्या बाईला किलोमागे किती मिळाले, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे. एकाने विचारले तर तो हसेल. शंभरांनी विचारले तर त्याला उत्तर शोधावे लागेल. संघटनेचा माझा अनुभव एवढाच आहे.