आठवड्याची सुट्टी, डोंगर आणि आई



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. मी विद्वान नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते यंत्रशाळेच्या खडखडाटात आणि पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो. म्हणून चालकांनी मला संघटनेपुढील प्रश्नांवर बोलायला सांगितले. मी म्हणालो, दर रविवारी आमची मंडळी डोंगर चढायला जाते. त्या डोंगरावर आईविषयी काही विचार सुचले आहेत, त्यावर बोलू द्या. चालक हसले, पण नाही म्हणाले नाहीत. विषय हलका वाटेल. तो तसा नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी माझी.

प्रथम रविवारचाच हिशेब करू. नळाला पाणी यावे तसा आपल्याकडे रविवार येतो. तो कोठून आला, हे कोणी विचारीत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची अशी ठराविक सुट्टी नव्हती. यंत्रे पुसायची म्हणून सणावारी गिरणी बंद राहिली तर राहिली. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले. त्या वर्षीच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या? दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि अपघात झाला तर भरपाई. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे ही सुट्टी कोणी दान दिलेली नाही, ती मागून आणि भांडून मिळवली आहे. आणि ती मागताना पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियाही उभ्या राहिल्या होत्या. हे ध्यानात ठेवा, कारण माझे पुढचे सारे म्हणणे यावरच उभे आहे.

आता या सुट्टीचे आम्ही काय करतो ते सांगतो. आमच्या मंडळीत एक फिटर आहे, एक वेल्डर, एक निवृत्त एस्टी कंडक्टर, एक शिंपी, एक प्राथमिक शिक्षक. दर रविवारी पहाटे निघतो. कधी पांडवलेणी, कधी रामशेज, कधी अंजनेरी, पाऊस सरला की ब्रह्मगिरी. डोंगराचा मोठा गुण असा, की तो हुद्दा पाहत नाही. मुकादमालाही तितकीच धाप लागते आणि हेल्परालाही तितकीच. दुसरा गुण त्याहून मोठा. डोंगरावर मंडळीची चाल सर्वांत पुढच्या गड्यावर ठरत नाही. सर्वांत मागच्यावर ठरते. पुढे पळालेला माणूस शिखरावर एकटा बसून वाट पाहतो, एवढीच त्याची कमाई. संघटनेचेही असेच आहे, आणि मला वाटते घराचेही असेच आहे. घरात सर्वांत मागे कोण राहते, याचे उत्तर प्रत्येकाने मनातल्या मनात द्यावे.

आता जरा आपल्या डोंगरांची नावे पाहा. अंजनेरी हे नाव अंजनीमातेचे. मारुतीचे जन्मस्थान म्हणून लोक तो डोंगर चढतात, पण डोंगराला नाव मुलाचे नाही, आईचे आहे. पठारावर देऊळही तिचेच. सप्तशृंगी ही तर साऱ्या खानदेशाची आई. चैत्रात उन्हातान्हातून माणसे पायी तिच्याकडे जातात. ब्रह्मगिरीवरून निघणाऱ्या नदीला आपण गोदामाई म्हणतो. आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे, तेही एका बाईच्या नावाचे: कळसूबाई.

या कळसूबाईची लोककथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. तरी मी ती माझ्या पद्धतीने सांगतो. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. रानात हिंडण्याची तिला आवड. ती डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी अट मान्य केली. काही दिवस सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. तिने ते काम केले. आणि केल्यावर सरळ डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. लोकांनी वर तिचे देऊळ बांधले. नवरात्रात तेथे यात्रा भरते.

भाविक या कथेत देवी पाहतात. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण मी कामगार चळवळीतला माणूस. मला या कथेत एक करार दिसतो, कराराचा भंग दिसतो, आणि भंग झाल्यावर काम सोडून गेलेली एक कष्टकरी मुलगी दिसते. तिने आरडाओरडा केला नाही. अंगावर पडलेले काम पुरे केले आणि मग गेली. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी आपल्या लोकांनी कोणाला बसवले? राजाला नाही, पंडिताला नाही. घरकामाच्या अटी मोडल्या म्हणून घर सोडलेल्या मुलीला. आपल्या लोकांचे शहाणपण असे कथेत दडून बसलेले असते. प्रश्न एवढाच, की वर्षातून एकदा तिच्यापुढे नारळ फोडणारे आपण, खाली आल्यावर घरातल्या कळसूला काय सांगतो? 'भांडी तेवढी आटपून घे.'

आपल्याकडे आईचा गौरव कमी नाही. श्रावणातल्या अमावास्येला पिठोरी असते. तो आपला जुना मातृदिन. त्याच दिवशी पुष्कळ ठिकाणी पोळाही असतो. या दोन सणांचा योग मला नेहमी विचारात पाडतो. पोळ्याला बैलाच्या मानेवरचे जू उतरते. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी चारतात. त्या दिवशी त्याला कोणी नांगराला जुंपीत नाही. आणि ती पुरणपोळी कोण करते? आई. म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी तिला रोजच्यापेक्षा दुप्पट काम. बैलाला आपण विश्रांती देऊन मान देतो; आईला मान देतो तो काम वाढवून.

परक्या देशातही फार निराळे नाही. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन आता आपल्याकडेही आला आहे. अमेरिकेत ॲना जार्विस नावाच्या बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ त्याची खटपट केली आणि १९१४ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. पुढे त्या दिवसाचा फुले, मिठाई आणि शुभेच्छापत्रे विकण्याचा बाजार झाला, तेव्हा त्याच बाई त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. गौरवाचा बाजार व्हायला वेळ लागत नाही.

आता कोणी म्हणेल, आई जे करते ते प्रेमाने करते. त्याला काम म्हणून मोजू नका. हा आक्षेप मला घरोघरी ऐकू येतो, आणि तो करणारी माणसे वाईट नसतात. त्यांना माझे उत्तर असे: प्रेम मोजू नका, पण तास मोजा. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय असे काम करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ आणि पुरुष शेकडा २६. दिवसाला २९९ मिनिटे म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३५ तास. हे बिनपगारी काम. आणि जी बाई बाहेरही राबते तिच्या बाबतीत ते बाहेरच्या पाळीच्या वर. याला रविवार नाही. १८९० साली ज्या स्त्रियांनी सभेत उभे राहून रविवार मागितला, त्यांना गिरणीतला रविवार मिळाला. चुलीपुढचा अजून मिळालेला नाही.

कायद्याने काही केले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठासून सांगितले. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभाचा कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० वा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघर ठेवण्याची सक्ती झाली. हे सारे मोठे काम आहे. पण कायद्याच्या कागदापासून कारखान्याच्या दारापर्यंत बरीच चढण असते. कारखाने कायद्यात पाळणाघराचे कलम तीसपेक्षा जास्त बायका असतील तेथे लागू होई. एके ठिकाणी मी वर्षानुवर्षे पाहिले, की तीस बायका झाल्या की भरती थांबायची. एकतिसावी कधी आलीच नाही. आणि ठेकेदाराच्या हाताखालची बाई बाळंतीण झाली, तर तिला रजा मिळत नाही; तिचे नावच हजेरीपटावरून जाते. घरोघरी धुणीभांडी करणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी, शेतावर मजुरीला जाणारी, यांच्या बाळंतपणाची पगारी रजा कोण देतो?

रायगडच्या हिरकणीची कथा आपण अभिमानाने सांगतो. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती माउली रात्री कडा उतरून गेली. तिचे नाव आपण बुरुजाला दिले, एस्टीच्या गाडीला दिले, अंगावर पाजणाऱ्या आईच्या कक्षाला दिले. छान केले. पण त्यातल्या काही कक्षांना मी कुलूप पाहिले आहे, आणि किल्ली कोणाकडे ते कोणाला ठाऊक नव्हते. मला विचाराल तर हिरकणीची कथा केवळ आईच्या धाडसाची नाही. दरवाजा वेळेवर उघडा असता तर तिला जीव धोक्यात घालावा लागला नसता, हाही त्या कथेचा अर्थ आहे. आईच्या त्यागाची स्तुती करणे सोपे असते, कारण त्यात आपल्याला काही उघडावे लागत नाही.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी संघटना आणि सरकार यांच्याकडून करून घ्याव्या लागतील; त्यासाठी आम्ही भांडतोच आहोत. पण लहान गोष्टी आपल्या हातात आहेत. आमच्या रविवारच्या मंडळीचा पहिल्या दिवसापासून एक नियम आहे: डबा ज्याचा त्याने करायचा. हा नियम आमच्या वेल्डरच्या आईने घालून दिला. म्हातारी म्हणाली, "तुमी डोंगरावर जाणार, मंग पहाटं चारला उठायचं कुनी?" तेव्हापासून डबा न करता आलेल्याला आम्ही बरोबर घेत नाही. सुरुवातीला काहींच्या भाकरीचे नकाशे पाहण्यासारखे होते. पण मीठ कोठल्या डब्यात असते, हे पन्नाशीच्या गड्यांना त्यामुळे समजले.

दुसरा नियम असा, की महिन्यातला एक रविवार सहकुटुंब. त्या दिवशी पोरे पुरुषांनी सांभाळायची. लोक म्हणतात, बायकांना डोंगराची आवड नसते. मी सांगतो, आवडीला आधी सवड लागते. अंजनेरीच्या पठारावर एक बाई अर्धा तास नुसती बसून होती. घरी काही झाले का म्हणून नवऱ्याने विचारले, तर म्हणाली, "काही नाही. कोणी हाक मारीत नाही, ते ऐकतेय."

तिसरा नियम डोंगराच्या पायथ्याचा. तेथे ताक, सरबत, पिठले-भाकरी विकणाऱ्या बायका असतात. आपली सुट्टी हा त्यांच्या कामाचा दिवस. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन ती बाई आपल्या आधी चढलेली असते. तिच्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करू नये, आणि आपला कचरा तिच्या अंगणात टाकून येऊ नये.

बंधुभगिनींनो, माझी मागणी फार मोठी नाही. लोखंड्यांनी १८८४ साली जी पहिली मागणी लिहिली, तीच मी घरापुरती मांडतो आहे: आठवड्यातून एक दिवस विश्रांती. ती मान्य करायला मालकांना सहा वर्षे लागली. आपल्या घरात मालकही आपण आणि संघटनाही आपणच. तेव्हा इतका वेळ लागू नये. उद्या-परवा येणाऱ्या रविवारी घरातल्या आईला विचारा, तिला तो दिवस कसा घालवायचा आहे. ती डोंगरावर म्हणाली तर तिच्या चालीने चाला. नुसते पडून राहायचे म्हणाली तर दार हलकेच लोटून घ्या, आणि भांडी घासायला बसा.