घोरणाऱ्याची झोप

घोरणाऱ्या माणसाबद्दल आपल्या घरांत एक पक्का समज आहे. दमून आलाय, गाढ झोप लागलीय, त्याला उठवू नका. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि आज या समजाविरुद्ध बोलायला आलो आहे, कारण या घोरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना पहाटे उठून ट्रक, टेम्पो नाहीतर माणसांनी भरलेली बस चालवायची असते.

झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. पण मान जाड असेल, चरबी वाढलेली असेल किंवा खालचा जबडा मागे असेल, तर सैल पडलेली ही श्वासाची वाट मिटूनच जाते. छाती वरखाली होत राहते, हवा मात्र आत जात नाही. घोरणं एकदम थांबतं. 10 सेकंद, 20 सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो आणि मोठ्यानं धाप टाकून श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी ओझरती असते की सकाळी तिची आठवणही नसते. तासाला 5 पेक्षा कमी वेळा असं झालं तर आम्ही त्याला आजार म्हणत नाही. 30 किंवा त्याहून जास्त झालं तर आजार तीव्र धरतो. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, आणि तेही रात्रभर. या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. रात्री दारू घेतली की स्नायू आणखी सैल पडतात आणि तो बळावतो. अंगानं सडपातळ माणसालाही तो होतो, हे मुद्दाम सांगतो, कारण नुसत्या पोटाकडे बघून निदान करण्याची सवय आम्हा डॉक्टरांनाही आहे.

असा माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण त्याची झोप होत नाही. मग दिवसा सरळ रस्त्यावर, एका वेगात, गाडीच्या एकसुरी आवाजात त्याचा डोळा लागतो. पहाटे 2 ते 6 आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास सर्वात वाईट. डुलकी असते तीन-चार सेकंदांची. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर गाडी धावली आणि स्टिअरिंगवर कोणीच नव्हतं. झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही. म्हणून हे अपघात इतके भयंकर असतात.

चालक यावर नाना उपाय करतात. तंबाखू, तोंडावर पाणी, काच खाली, गाणी मोठ्यानं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात थंड वारा आणि रेडिओ या दोन उपायांची चाचणी घेतली गेली. फायदा झाला तो थोडा आणि थोड्याच वेळापुरता. मी हे रेडिओवरूनच सांगतो आहे, तर नीट ऐका: आमच्या आवाजाच्या भरवशावर गाडी हाकू नका. कडक कॉफी घेऊन, गाडी सुरक्षित जागी लावून 15-20 मिनिटं झोप काढणं हे त्यापेक्षा पुष्कळ चांगलं. मात्र अॅप्नियावर तोही इलाज नाही.

न्यूयॉर्कची एक घटना सांगतो. 1 डिसेंबर 2013, रविवारची सकाळ. स्पायटन डायव्हिल इथल्या वळणावर एक लोकल गाडी रुळांवरून घसरली. वळणाला वेगमर्यादा ताशी 48 किलोमीटरची, गाडीचा वेग 132. चार माणसं गेली, साठाच्या आसपास जखमी झाली. चौकशीत निघालं की मोटरमनला डुलकी लागली होती. त्याला तीव्र स्लीप अॅप्निया होता आणि तो अपघातानंतरच्या तपासणीत कळला. त्यात भर म्हणून दोनच आठवड्यांपूर्वी त्याची पाळी बदलून पहाटेची झाली होती. झोपेच्या विकारांची तपासणी रेल्वेनं कधी सक्तीची केलीच नव्हती, यावरही चौकशी समितीनं बोट ठेवलं.

आपल्याकडे लायसन्सच्या अर्जाबरोबर तब्येतीची माहिती भरून द्यावी लागते. त्यात फिट येते का, चक्कर येते का, 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रंगांधळेपणा आहे का, हे सगळं विचारतात. घोरण्याबद्दल, दिवसा येणाऱ्या झोपेबद्दल स्वतंत्र प्रश्न नाही. तो असायला हवा. पण नुसता प्रश्न घालून भागणार नाही, कारण 'हो' म्हटलं तर स्टिअरिंग हातातून जाईल या भीतीनं चालक खोटं सांगेल. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास कामाची मर्यादा घालून दिली. जो मालक अशी मर्यादा धाब्यावर बसवतो, त्याच्यासमोर आजार कबूल करायचा कोणी?

म्हणून आधी हे सांगायला हवं की या आजारावर उपचार आहे. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी एक साधी युक्ती काढली. नाकावर मास्क लावायचा आणि यंत्रानं हलक्या दाबाची हवा सतत सोडायची. त्या दाबानं घसा मिटत नाही. यंत्र रोज लावणारे कितीतरी रुग्ण काही दिवसांतच तरतरीत होतात आणि पुन्हा गाडीवर जातात. पण यंत्र कपाटात ठेवलं की आजार जसाच्या तसा परत येतो. ते स्वस्त नाही. माझं मत विचाराल तर त्याचा खर्च वाहतूक मालकानं उचलावा. टायरवर तो खर्च करतोच, तसा चालकाच्या झोपेवरही करावा.

दिवसा झोप आणणारा नार्कोलेप्सी हा आणखी एक विकार. मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन कमी पडतं आणि माणूस बोलता बोलता झोपतो. तो विरळा आहे आणि बहुधा तरुणपणीच सुरू होतो. त्यालाही औषधं आहेत.

आता शेवटचं, आणि हे चालकांच्या घरच्यांसाठी. श्वास अडकतो हे ज्याचा अडकतो त्याला कळत नाही. ते कळतं शेजारी झोपणाऱ्या बायकोला, आईला, गाडीतल्या क्लीनरला. ताई, तुमचे यजमान घोरता घोरता मध्येच गप्प होत असतील, दचकून धाप टाकत असतील, सकाळी उठल्यावर त्यांचं डोकं जड असेल, तर मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. तपासणीला ते एकटे गेले तर 'मला काही होत नाही' म्हणतील. तुम्ही बरोबर जा आणि डॉक्टरांना ते रेकॉर्डिंग ऐकवा. झोपेची तपासणी आता घरच्या अंथरुणावरही करता येते. बोटाला आणि छातीला उपकरण लावून एक रात्र झोपायचं असतं, सुई टोचावी लागत नाही. आणि तिचा निकाल येऊन उपचार लागू होईपर्यंत त्यांना गाडीवर पाठवू नका.