फेकणे हेही शिकावे लागते

(संस्थेच्या वार्षिक क्रीडादिनी पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मुळात इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. खेळाच्या शिक्षकाची जागा एके वर्षी रिकामी राहिली, तेव्हा शिट्टी माझ्या गळ्यात आली ती अद्याप तिथेच आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे बोल म्हणून ऐकू नका. चुका करीत शिकलेल्या एका शिक्षकाचे हे अनुभव आहेत, आणि त्या चुकांपैकी एक चूक मी आज तुमच्यासमोर कबूल करणार आहे.

सुरुवात एका विचित्र चेंडूपासून करतो. आमच्या आठवीतल्या एका मुलाच्या मामूंनी अमेरिकेहून येताना त्याच्यासाठी तिकडचा फुटबॉल आणला. नाव फुटबॉल, पण खेळायचा मुख्यतः हाताने! आकार लिंबासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, लांबी सुमारे 28 सेंटिमीटर, वजन 400 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट. पोरांनी तो मैदानावर आणला आणि शाळेतले सगळे पहिलवान एकेक करून फेकू लागले. ज्याची फेक सीमारेषेवरून थेट यष्टीरक्षकाकडे येते, त्या मुलाच्या हातून सुटलेला तो चेंडू हवेत कोलांट्या खात पंधरा पावलांवर पडला. सगळे हसले. मीही फेकून पाहिला. मग आणखी हसले.

त्या रात्री मी घरी फोनवर चित्रफिती पाहिल्या, वेग कमी करून, पुन्हा पुन्हा. तेव्हा ध्यानात आले की तो चेंडू सरळ जातो तो भोवऱ्यासारखा फिरतो म्हणून. भोवरा फिरत असतो तोवर आरीवर उभा राहतो, गती संपली की लोळतो. हा चेंडूही आपल्या लांबीच्या आसाभोवती फिरत राहिला तर त्याचे टोक डगमगत नाही आणि हवा कापत जातो. त्यासाठी चेंडूवरच्या नाडीच्या शिवणीवर शेवटची दोन बोटे ठेवायची, तर्जनी मागच्या टोकाकडे सरकवायची, आणि तळहात व चेंडू यांच्यात थोडी पोकळी ठेवायची. चेंडू सुटताना बोटे त्याच्या अंगावरून घसरत जातात, तर्जनी सर्वांत शेवटी सुटते, आणि हात खाली येतो तेव्हा अंगठा जमिनीकडे व तळवा बाहेर वळलेला असतो. अमेरिकेत असा पुढे फेकलेला पास 1906 साली नियमात बसला, आणि त्या खेळाचे रूपच बदलले.

दोन आठवड्यांत आमची पाच-सहा मुले तो चेंडू न डगमगता वीस-पंचवीस पावले फेकू लागली. पण मला खरे आश्चर्य पुढे वाटले. त्याच मुलांची क्रिकेटची फेकही सुधारली होती! चेंडू वेगळा, पकड वेगळी, मग सुधारले काय? सुधारले होते पाय.

होय, पाय. फेक हातात नसते. आसूड ओढणारा गडी पाहा. मूठ वीतभर हलते आणि टोकाचा आवाज शेतभर जातो. जोर मुठीकडून टोकाकडे वाढत जातो. तसाच फेकीचा जोर जमिनीतून पायात, पायातून कमरेत, कमरेतून छातीत, मग खांद्यात, कोपरात आणि अखेरीस मनगटात व बोटांत येतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा खांदा लक्ष्याकडे करून आडवे उभे राहायचे, डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकायचा, डावा हात नेमाकडे रोखायचा. आधी कंबर वळते, मग छाती, आणि हात सर्वांत मागून येतो. कोपर खांद्याच्या रेषेखाली पडू द्यायचे नाही. चेंडू सुटल्यावर हात तिथेच थांबवायचा नाही, तो विरुद्ध गुडघ्याकडे जाऊ द्यायचा. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की हात मागे जातो तेव्हा खांद्याचे स्नायू आणि बंध रबरासारखे ताणले जातात व तो ताण एकदम सुटतो. चिंपांझी माणसापेक्षा बलवान, पण त्याला ही युक्ती साधत नाही. सराव असलेला बारा वर्षांचा मुलगा त्याच्या तिप्पट वेगाने चेंडू फेकू शकतो.

आणि लांब फेकायचे म्हणून चेंडू आभाळात उडवू नये. गणिताच्या पुस्तकात 45 अंशांचा कोन असतो, तो हवेचा विरोध नसताना. शिवाय माणसाचा हात जितका वर फेकू जाईल तितका त्याचा वेग कमी होतो. प्रत्यक्षात 30 ते 35 अंश पुरतात. सीमारेषेवरून तर सपाट, एक टप्पा पडून आलेली फेकच यष्टीरक्षकाला आवडते. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा 2023 साली भारताकडून पहिला सामना खेळला. तो स्वतः यष्टीरक्षक आहे, त्याला विचाराल तर तोही हेच सांगेल असा माझा अंदाज आहे.

माझे लहानपण मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात गेले. ज्वारी निसवली की पाखरे राखायला माळ्यावर बसावे लागे. शेजारच्या चाचांच्या हातात गोफण असे. दोन दोऱ्या, मध्ये खोबणी, तीत गोटा. एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. दोन गरके देऊन चिमटीतली दोरी नेमक्या क्षणी सोडली की गोटा सूं करीत जाई आणि पाखरांचा थवा उठे. मी दहा वर्षांचा असताना गोफण फिरवली आणि गोटा माझ्याच मागे गेला. चाचा म्हणाले, “पोट्ट्या, जोर नको लावू, सोडायचं कधी ते शिक.” आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि गोफणी भिंतीच्या खुंटीवरूनही उतरल्या, पण त्या वाक्याची आठवण मला त्या लिंबाच्या आकाराच्या चेंडूने करून दिली.

आता ती चूक. चाचांनी जे मला शिकवले ते मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिली काही वर्षे शिकवलेच नाही. मी फक्त ओरडत असे, “जोरात फेक!” आमचा एक विद्यार्थी, वय बारा, अतिशय गुणी, आंतरशालेय सामन्यांच्या आधी रोज शंभर-शंभर फेकी करी. मी कौतुक करी. एक दिवस तो म्हणाला, “सर, कोपर दुखते.” मी म्हणालो, “सवय होईल.” झाली नाही. वाढत्या वयात कोपराच्या हाडाच्या टोकाशी कूर्चा असते. हाड तिथूनच वाढते, आणि पुन्हा पुन्हा ताण पडला की तिला इजा होते. डॉक्टरांनी कित्येक महिने फेक बंद केली. त्याचे अब्बा शाळेत आले. रागावतील असे वाटले होते, ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, आम्ही तर तुमच्या भरवशावर पाठवले होते.” त्या वाक्याने मला झोप लागली नाही. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये 2007 पासून वयाप्रमाणे रोजच्या फेकी मोजतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 85, त्यापुढे नाही, आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती. आता माझ्याही खिशात वही असते. जोर लावलेल्या 50 फेकी झाल्या की मुलगा मैदानावर कितीही रुसला तरी चेंडू मी काढून घेतो. दुखते म्हणाला की त्या दिवशी शून्य.

मुलींविषयी बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. “पोरीसारखा फेकतो” असे मुलांना चिडवताना तुम्ही ऐकले असेल, मीही ऐकले, आणि सांगायला लाज वाटते, कधी हसलोही. मुली एकाच बाजूचा हात आणि पाय पुढे टाकून, कोपर खाली पाडून फेकतात हे खरे. पण माझ्या उजव्या हाताने खडू धरलेला असतो, तो डाव्या हातात घेऊन भिंतीवर चेंडू फेकून पाहिला, तर मीही नेमका तसाच फेकतो. डाव्या हाताला कुणी शिकवले नाही, एवढेच. मुलींच्या दोन्ही हातांना कुणी शिकवले नाही. मुलगा चिंचेवर, बोरीवर गोटे मारीत मोठा होतो. मुलगी तेव्हा घरात धाकट्या भावाला सांभाळीत असते.

उत्तर प्रदेशात मेरठजवळच्या एका खेड्यात अन्नू रानी नावाची शेतकऱ्याची मुलगी भावांबरोबर क्रिकेट खेळे. थोरल्या भावाने तिची फेक पाहिली आणि तिच्या हातातला जोर ओळखला. भाला नव्हता, तर तिने रिकाम्या शेतात ऊस फेकून सराव केला. वडिलांचे मन सुरुवातीला तयार नव्हते. 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने 62.92 मीटर भाला फेकला आणि सुवर्णपदक घेतले. मी पालकांना पदकांचे आमिष दाखवीत नाही. माझ्या मनात तो भाऊ आहे, ज्याने बहिणीची फेक पाहिली.

अमरावतीला तर शरीर पद्धतशीर शिकवायचे असते हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून तेच करीत आहे, आणि 1936 साली त्याचे खेळाडू बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले.

घरी करता येईल असे थोडे सांगतो. दोन मोजे गुंडाळून गोळा करा, खोलीतही चालतो. उजवा गुडघा जमिनीवर टेकवून बसा, डावा पुढे, आणि दहा पावलांवरच्या भिंतीवर खडूने काढलेल्या वर्तुळात फेका. पाय बांधले गेल्याने फक्त छाती आणि हात नीट चालतात का ते कळते. मग उभे राहून, मग एक पाऊल टाकून. लांब फेकायची घाई शेवटी. अब्बा, अम्मी, भाईजान कुणीही असो, फोनवर बाजूने चित्रण करा आणि वेग कमी करून मुलाबरोबर पाहा. माझ्या बोलण्यापेक्षा ते लवकर समजते.

पुढच्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर चार ते पाच या वेळात मैदान फक्त मुलींसाठी राखले आहे. आयांनी येऊन झाडाखाली बसायला हरकत नाही, आमच्या शिक्षिका आपा हजर राहतील. चेंडू शाळेचे. तो लिंबासारखा चेंडूही त्या मुलाने आठवडाभर द्यायचे कबूल केले आहे. मैदानावर काटे आहेत, म्हणून पायांत बूट असावेत. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी शुक्रवारी मला तेवढे सांगून ठेवावे.