परका आवाज आणि आपले कान
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



'मी आवाजावरून ओळखला' असे आपण सहज बोलून जातो. आई, भाऊ, शेजारी यांच्या बाबतीत ते खरेही असते. कारण त्यांचा आवाज आपल्या रोजच्या ऐकण्यातला असतो. परंतु ज्याला एकदाच ऐकले, असा परका आवाज पुन्हा ओळखता येतो काय? या प्रश्नावर कधी कधी माणसाचे प्राण अवलंबून असतात.

१९३२ साली अमेरिकेत विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले. २ एप्रिलच्या रात्री न्यूयॉर्कमधील एका दफनभूमीत खंडणी दिली गेली. जवळच मोटारीत बसलेल्या लिंडबर्ग यांच्या कानी काळोखातून एक-दोन शब्दांची हाक आली. पुढे अडीच वर्षांनी ब्रुनो हाउप्टमान या सुतारास अटक झाली, आणि १९३५ च्या खटल्यात 'तो आवाज याचाच' अशी साक्ष लिंडबर्ग यांनी शपथेवर दिली. खंडणीच्या नोटा व इतर पुरावेही होते. १९३६ मध्ये हाउप्टमानला देहान्ताची शिक्षा दिली गेली. पण एक-दोन शब्दांचा आवाज अडीच वर्षे स्मरणात राहतो काय, हा प्रश्न उरलाच.

फ्रान्सिस मॅकगिही या संशोधिकेने याच प्रश्नावर प्रयोग केले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, एका दिवसानंतर शेकडा ८३ श्रोत्यांनी परका आवाज बरोबर ओळखला. पाच महिन्यांनंतर फक्त १३ जणांनी.

शिवाय ही शक्ती सर्वांना सारखी नसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो येथील चाचणीत श्रोत्यांना आधी आठ परके आवाज ऐकवतात. मग नव्या आवाजांत मिसळलेले ते ओळखायला सांगतात. कोणी जवळजवळ सारे ओळखतो, तर कोणाचे उत्तर निव्वळ अंदाजासारखे ठरते. २००९ मध्ये इंग्लंडमधील एका साठीच्या महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. तिचे कान निर्दोष होते, बोललेले सारे तिला समजे. परंतु फोनवर जवळच्या माणसांचेही आवाज ओळखू येत नसत. अशा माणसाला आपण 'विसरलास का रे?' म्हणून दुखावतो, हे योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'मला पक्के आठवते' असे ठामपणे सांगणाऱ्याची ओळख बरोबर असेलच असे नाही. आपल्या देशात २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात. तो नमुना तज्ज्ञ तपासतात. साक्षीदाराची आठवण ही वेगळी बाब आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वस्तीत चोरी झाली, भांडण झाले, तर केवळ आवाजावरून कोणाचे नाव घेऊ नका. काय ऐकले तेवढेच सांगा. फोनवर नातेवाईक म्हणून कोणी पैसे मागितले, तर फोन ठेवून त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः विचारा. आज यंत्रही हुबेहूब आवाज काढते. आपल्या एका शब्दाने निरपराध माणूस अडकू नये, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी.