ड्रोनच्या रिमोटची आजी



फवारणीचा ड्रोन आता आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. काही गटांकडे तो आलाही आहे. ड्रोन वर उडतो, पण त्याला चालवणारी बाई खाली बांधावर रिमोट घेऊन उभी असते. आज त्या रिमोटच्या आजीची गोष्ट सांगते. ही आजी पन्नास-साठ वर्षांची झाली, पेटीत पडून गंजली, तरी तिला पुन्हा बोलतं करणारे लोक आहेत. ते हे काम कसं करतात, त्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

इंग्लंड-अमेरिकेत हलक्या लाकडाची छोटी विमानं बनवून उडवण्याची हौस जुनी आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी घरी बनवलेलं विमान रेडिओच्या लहरींवर उडवलं. त्याचं नाव ‘गफ’. आज ते तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

सुरुवातीच्या अनेक साध्या रिमोटना एकच बटण असायचं. एकदा दाबून धरलं की विमान उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. वळवण्याचा जोर विमानातल्या पिळलेल्या रबराचा. पुढे आले सुरांवर चालणारे रिमोट. आपल्या भजनी मंडळाच्या बाजाच्या पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात ना, तशा पोलादाच्या बारीक पट्ट्या विमानात बसवलेल्या असत. रिमोट सूर पाठवायचा. ज्या पट्टीचा तो सूर, तीच थरथरायची आणि तेवढंच काम व्हायचं. नंतर दोन दांड्यांचे रिमोट आले. दांडी जेवढी हलवाल, तेवढंच विमान वळणार. ड्रोनच्या रिमोटवर आजही त्याच दोन दांड्या आहेत.

असे जुने रिमोट आता तिकडे माळ्यावर, अडगळीत सापडतात. सापडल्यावर जाणकार माणूस पहिली गोष्ट काय करतो? बटण चालू करत नाही. चार्जिंगलाही लावत नाही. आधी उघडतो आणि नुसतं बघतो.

बहुतेक वेळा दोषी सापडते ती आत राहून गेलेली बॅटरी. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत कॉस्टिक सोड्याच्या जातीचं द्रव्य असतं. बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की ते झिरपतं. आधी टोकांवर पांढरी-हिरवी पूड दिसते. मग ते काळ्या वायरच्या आतून वर चढतं. वरून वायर धडधाकट दिसते, पण सोलून पाहिली तर आतलं तांबं काळं पडलेलं असतं. त्यावर सोल्डरिंग धरत नाही. अशी वायर घासत बसायची नसते, पूर्ण बदलायची.

सर्किटच्या पाटीवर पूड पसरली असेल तर ब्रशने थोडं व्हिनेगर लावतात. आंबट द्रव्याने तो खार मरतो. मग स्पिरिटने पुसून पाटी पूर्ण वाळवतात. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, कारण हे द्रव्य कातडी आणि डोळे भाजतं.

एकही वायर काढण्याआधी फोटो काढतात, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधतात. आपण मापाचा ब्लाउज उसवतो तेव्हा कुठली कळी कुठे होती ते खडूने लिहून ठेवतो, तसंच. मग वाळलेले कंडेन्सर बदलतात. दांड्यांखालचे फिरते भाग साफ करतात. रेडिओचा आवाज वाढवताना खरखर होते ना, तशी खरखर इथे झाली तर विमान हवेत दचके खातं.

मग येतो लहरीचा प्रश्न. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांना सहा ठरावीक लहरी होत्या आणि प्रत्येकीला रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एरियलला त्या रंगाची फीत बांधायची. मैदानावर एक फळी असे, तिच्यावर लहरींच्या खुंट्या. ज्याच्या हातात खुंटी, त्यानेच त्या लहरीवर रिमोट चालू करायचा. दुसऱ्याने त्याच लहरीवर चालू केला तर पहिल्याचं विमान कोसळणार. सार्वजनिक नळावर नंबर पाळतो, तसाच हा नंबर. आता कुठली लहर वापरायची याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. म्हणून कितीतरी लोक जुन्या पेटीत नवीन २.४ गिगाहर्ट्झचं सर्किट बसवतात. पेटी आणि दांड्या आजीच्या, आवाज नातीचा.

शेवटी परीक्षा. एरियल मिटून ठेवायची, एकाने विमानाजवळ उभं राहायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन पावलं मोजत लांब जायचं. जवळच विमान आज्ञा ऐकेनासं झालं तर त्या दिवशी उड्डाण नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याला याचं काय? तीन गोष्टी.

पहिली, आज घरी जा आणि न वापरता पडलेला टॉर्च, रेडिओ, वजनकाटा उघडून सेल काढून ठेवा. पुष्कळ वस्तू जुन्या होऊन नाही, तर आतला सेल फुटून मरतात.

दुसरी, खराब बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. उकिरड्याचं खत शेतात जातं, आणि शेतातलं ताटात येतं. गावात डबा ठेवा आणि साठलं की ई-कचरा घेणाऱ्यांना द्या. ड्रोनची किंवा मोबाइलची फुगलेली बॅटरी मात्र दाबू नका, टोचू नका. ती पेट घेते.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. ड्रोन चालवणाऱ्या ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तिच्याबरोबर ड्रोन सहायकाचीही एक जागा आहे. विजेच्या वस्तू, जोडणी, यंत्रदुरुस्तीची आवड असलेल्या गटातल्या सदस्याला किंवा घरातल्या माणसाला तिथे शिकायला मिळतं. बैठकीत हा विषय निघाला की पटकन कुणाच्या तरी मुलाचं, दिराचं नाव पुढे येतं. का? दुरुस्ती बाईचं काम नाही म्हणून?

आत्ता सांगितलेलं काम आठवा. बारीक नजर, क्रम न चुकवणं, चिठ्ठ्या बांधणं, धीर धरणं, खात्री झाल्याशिवाय पुढे न जाणं. शिवणयंत्राची बॉबिन आपण खोलतो, मिक्सर अडला तर आधी आपणच बघतो. सोल्डरिंग, मीटर वापरणं हे शिकायचं असतं, ते पुरुषांनाही शिकावंच लागतं. आणि रिमोट बिघडला की ऐन फवारणीत काम थांबतं. तेव्हा दुरुस्तीची किल्ली कुणाच्या हातात आहे, यावर ड्रोन खरा कुणाचा ते ठरतं.

म्हणून पुढच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. गटातली कोण वस्तू उघडून बघायला घाबरत नाही, तिचं नाव लिहा. आधी आपल्या सख्यांची नावं, मग बाकीच्यांची.

येते मी. नमस्कार.